बऱ्या वाटेक

“ही पावसाची छत्री नाय, तर मगे कसली?”

वासुदेव गावकर आमच्या गाडीच्या टपावरच्या डिशकडे मान वर करून बघत होते. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा. पांढरं धोतर, उघडं अंग, खांद्यावर पंचा. आम्ही त्यांच्यावर बातमी करायला आलो होतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर असं कुतूहल होतं की आम्ही त्यांना गाडी दाखवायलाच आलोय असं वाटावं.

मी म्हटलं, “तात्या, ही आकाशाशी बोलते. तुम्ही इथं बोललात की ते वर उपग्रहाला जातं, तिथून खाली मुंबईला, आणि मुंबईहून घरोघरी.”

“सगळ्यांच्या घराक?”

“ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्या.”

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, “आनि ‘व्हय’ कोण म्हणता?”

मला प्रश्नच कळला नाही. म्हातारा माणूस आहे, काहीतरी विचारतोय, असं म्हणून मी हसून सोडून दिलं आणि केबल ओढायला लागलो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता त्या मोठ्या गाड्या कमी झाल्या, बातमीदाराच्या पाठीवरच्या पिशवीतून सगळं थेट जातं. तेव्हा मात्र जिथे बातमी तिथे छत्रीची गाडी, आणि गाडीत मी, इंजिनिअर डाखोरे. मूळचा यवतमाळकडचा. देवावर माझा विश्वास बेताचाच, सिग्नलवर मात्र पुरेपूर. कानाला दिवसभर हेडफोन आणि त्यात मुंबईच्या कंट्रोल रूमचा आवाज. बातमीदार कॅमेऱ्यासमोर बोलतो ते प्रेक्षक ऐकतात. त्याच्या आधी, नंतर आणि मधे मुंबईहून त्याला जे सांगितलं जातं ते फक्त आम्ही ऐकतो. लग्नात पंगतीतल्या माणसाला पानातला लाडू दिसतो, आचाऱ्याला कढईसुद्धा दिसते. मी आचाऱ्याच्या बाजूचा माणूस.

कानातले आवाज मुख्यतः एकाच माणसाचे, मंदार सरांचे. ते कार्यक्रमाचे प्रोड्यूसर. काय दाखवायचं, किती वेळ, कधी जाहिरात, सगळं त्यांच्या तोंडून. त्यांच्या शेजारी परब बसायचा. पडद्यावर आमचं चित्र जायचं की स्टुडिओचं, हे ठरवायची बटणं त्याच्या हाताखाली. मंदार सर म्हणायचे, “परब, स्टुडिओ,” की चित्र बदललेलं असायचं. परबचा आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. बटण दाबल्याचा टक् आवाज तेवढा ऐकू यायचा.

हुमरणे नावाच्या त्या गावात आम्ही कशासाठी आलो होतो, ते सांगतो.

गावच्या दवाखान्यात डॉक्टर केंद्रे म्हणून एक तरुण बाई होत्या. नांदेडकडच्या. गावातली कितीतरी बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. आता त्या स्वतः दोन जिवांच्या होत्या आणि त्यांची बदली माहेरगावाजवळ झाली होती. निघायच्या दिवशी गावाने त्यांना देवळात नेलं. तिथे रीत अशी की कोणी लांबच्या प्रवासाला निघालं, की मानाच्या माणसाने रवळनाथासमोर त्याच्या नावाने गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. देवाला मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, एकेक वाक्य करून सांगायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी हात जोडून म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा.’ हुमरण्यात तो मान तात्यांचा. तात्या म्हणाले होते, “ही आमची डॉक्टरीण गाव सोडून जाता हा. तिका बऱ्या वाटेक लाय रे म्हाराजा.” आणि सगळा गाव म्हणाला होता, “व्हय म्हाराजा.”

कोणीतरी ते फोनवर टिपलं. फिरत फिरत ते आमच्या वाहिनीच्या डेस्कवर पोचलं. तिथे एका पोराने ऐकलं आणि खाली अक्षरं टाकली : ‘हिची वाट लाव!’ त्याची चूक प्रामाणिक होती. मुंबईत ‘वाट लावणे’ याचा दुसरा अर्थच होत नाही. पण पुढे चित्रफीत छोटी करताना ‘बऱ्या’ हा शब्द कापला गेला, तो प्रामाणिकपणे कापला गेला असं मला म्हणवत नाही. मागे ढोलाचा आवाज आला, चित्राला लाल रंग आला, आणि गावाचं ‘व्हय म्हाराजा’ तीनदा घुमवलं गेलं. गर्भवती डॉक्टरला गावाचा शाप. आमच्या त्या डेस्कवर कोकणातले चांगले चार-पाच जण होते. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची तिथे पद्धत नव्हती.

पुढचं बघून मी खरोखर थक्क झालो. या धंद्यात इतकी वर्षं काढलेला मी, तरी थक्क झालो. एका कापलेल्या शब्दावर दोन दिवसांत अख्खा महाराष्ट्र भांडायला उठला. एक बाजू म्हणे, या अडाण्यांना तुरुंगात टाका. दुसरी म्हणे, आमच्या परंपरेला हात लावाल तर याद राखा. दोन्ही बाजू आमच्याच स्टुडिओत, एकाच मेकअपमनकडून पावडर लावून घेऊन, शेजारी शेजारी बसत. छातीतल्या जळजळीवरच्या गोळ्यांची एक कंपनी चर्चेला प्रायोजक मिळाली. आधी जळजळ आम्ही द्यायची, मग गोळी त्यांनी. मंदार सर कानात म्हणाले होते, “डाखोरे, गाडी हलवायची नाही. गोठ्यात गाय व्यायला झालीय.”

आमचा बातमीदार सुयश कारखानीस, पुण्याचा, हुशार पोरगा. वाईट नव्हता. पहिल्याच सकाळी त्याला गावात खरा अर्थ कळला आणि त्याने तो मुंबईला कळवला. मी ऐकत होतो.

“सर, शाप नाहीये तो. ‘बऱ्या वाटेक’ आहे. म्हणजे हिला चांगल्या मार्गाने पोचव.”

“बरी असो नाहीतर वाईट, वाट तर आहे ना?” मंदार सर म्हणाले. “तू तिथे व्याकरण शिकवायला गेलायस का? त्या म्हाताऱ्याला कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लाव. मागितली तर ती बातमी. नाही मागितली तर मोठी बातमी.”

सुयशने मान खाली घातली आणि तात्यांच्या घराकडे गेला. मी केबल घेऊन मागे.

घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तात्यांची सून प्रतिभा आमच्यासाठी चहा घेऊन आली. ती गावातल्याच बालवाडीत शिकवायची. तिच्याकडे बघून कळत होतं की दोन दिवसांत घरात धड जेवण झालेलं नाही. सुयशने जपून विषय काढला. म्हणाला, “तात्या, तुमचं काही चुकलं नाही, मला माहीत आहे. पण एक वाक्य बोला. कोणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा, एवढंच. प्रकरण मिटेल.”

तात्या म्हणाले, “मी गाऱ्हाणा घातलंय. माफी मागलंय तर ता मागे घेतल्यासारा झाला मा?”

“तसं कसं होईल?”

“तसाच होता. देवाक सांगितलेला आपणच उलटा केला, तर मगे ती पोर वाटेतच रवली. दोन जिवाची ती. घरात पोचली असात, पन अजून सुटाक नाय.”

“तात्यानू,” प्रतिभा मधेच म्हणाली. “तुमका अटक करूक येतत म्हणतत. कोणतरी तोंडाक काळा फासूक येतहत म्हणतत. पोरां शाळेत जावक घाबरतत. एक वाक्य बोलून टाका आनि संपवा. देव काय तुमच्यार रागावाचो नाय.”

“देव रागावाचो नाय, बाय. पन तिचा काय वाकडा झाला, तर मी माझ्यार रागवान.”

तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. सुयश चहाच्या कपाकडे बघत बसला. मला त्या म्हाताऱ्याचा थोडा रागच आला, खरं सांगतो. हट्टी माणूस, म्हटलं. सगळं घर पणाला लावतोय, आणि तेही चार ओळींच्या मंत्रासाठी.

दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. आम्ही लावला नव्हता, त्यांनीच वाहिनीला केला होता, कितीतरी वेळ लाइनवर ताटकळून. मंदार सरांना वाटलं, चला, शापित डॉक्टर रडणार. त्यांनी फोन थेट प्रक्षेपणात घेतला. माझ्या कानात बाईंचा आवाज आला, दमलेला पण ठाम.

“अहो, मी तिथंच उभी होते. ते माझ्यासाठी केलेलं आहे, माझ्याविरुद्ध नाही. तात्या म्हणजे माझ्या वडिलांच्या जागी आहेत. तुम्ही अर्धंच दाखवताय. पूर्ण वाक्य...”

“आवाज येत नाहीये,” मंदार सर म्हणाले. आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता. “फोन सोडा. परब, स्टुडिओ.”

टक्.

क्षणभराने पडद्याच्या खालच्या पट्टीत नवं वाक्य धावायला लागलं : ‘डॉक्टरांवर कुणाचा दबाव?’ मी हेडफोन काढून गाडीच्या दारात बसलो. तात्या देवळाकडे चालले होते. मला बघून थांबले.

“आमच्या बायचो फोन इल्लो म्हणे. बरी असा मा ती?”

“बऱ्या आहेत,” मी म्हटलं.

“मगे झाला,” ते म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी ऊन कलायला लागलं तशा तीन जीपा धुरळा उडवत आल्या. कुठल्याशा जागर संघटनेची माणसं. पुढारी संग्राम भोईटे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काळ्या रंगाची बाटली. महिलांच्या सन्मानासाठी ते म्हाताऱ्याच्या तोंडाला काळं फासणार होते. उतरल्या उतरल्या ते आधी सुयशकडे आले.

“कॅमेरा कुठल्या बाजूला आहे? आम्ही कुठून येऊ?”

सुयशने त्यांना कुठून यायचं ते दाखवलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण दाखवलं. देवळाच्या पायऱ्यांसमोर चिऱ्यांचं अंगण होतं. तात्या पायऱ्यांवर बसलेले. गाव मागे उभा, बायका एका बाजूला, प्रतिभा त्यांच्यात. कोणाच्या हातात काठी नव्हती, पण पुरुषांच्या मुठी आवळलेल्या दिसत होत्या. एक हात तात्यांना लागला असता, तर त्या अंगणात काय झालं असतं ते मी आजही मनात आणत नाही. हे मुंबईला दिसत होतं, आणि हेच मुंबईला हवं होतं.

भोईट्यांची माणसं घोषणा देत पुढे सरकली. भोईट्यांनी बाटलीचं झाकण काढलं. तेवढ्यात माझ्या कानात मंदार सर ओरडले, “थांबवा, थांबवा त्यांना! जाहिरात चालू आहे. ब्रेकनंतर फासायला सांग. ब्रेकनंतर!”

सुयशने हात वर केला. “साहेब, जरा थांबा. एक ब्रेक आहे.”

आणि भोईटे थांबले. मी आयुष्यात बऱ्याच चमत्कारिक गोष्टी पाहिल्या, पण संतापाने लाल झालेला माणूस जाहिरात संपायची वाट बघत उभा राहिलेला तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. घोषणाही आपोआप बंद पडल्या. भोईटे उघडी बाटली हातात घेऊन तात्यांच्या समोर उभे. काय करावं कोणालाच कळेना.

तात्यांना मात्र कळलं. दारात पाहुणा उभा होता.

“तुमी पयल्यांदाच इलास हंय?” त्यांनी विचारलं.

भोईटे गोंधळले. “हो.”

“नाव काय तुमचा?”

“संग्राम भोईटे.”

“गाव?”

“फलटणकडचा.”

“खूप लांबसून इलास. घराक कोण असा?”

भोईट्यांनी सुयशकडे पाहिलं, जणू उत्तर द्यायचं की नाही हे तो सांगेल. “आई असते,” भोईटे म्हणाले. “गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. घरीच असते.”

“आवशीक घराकडे ठेवन इलास,” तात्या म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. “पयल्यांदा इलेलो माणूस गाऱ्हाण्याबिगर आमी पाठयनाव नाय. ती बाटली थंय पायरेर ठेवा. हात मोकळे व्हये.”

मी गाडीच्या मॉनिटरवर पाहत होतो. भोईटे बाटलीकडे बघत राहिले. मागून त्यांचा कोणी माणूस म्हणाला, “साहेब, ब्रेक संपला का?” त्यांनी वाकून बाटली पायरीवर ठेवली. का ठेवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या आईची चौकशी करणारा माणूस त्यांना भर मोर्चात कधी भेटला नसावा.

तात्यांनी नारळ उचलून उंबऱ्यावर ठेवला, देवाकडे तोंड केलं आणि आवाज लावला. त्या वयाच्या माणसाच्या छातीत तो आवाज कुठे राहतो कोण जाणे.

“बा देवा रवळनाथा!”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला.

नेमका तेव्हाच ब्रेक संपला आणि आम्ही थेट प्रक्षेपणात गेलो. गोळ्यांची जाहिरात संपली आणि महाराष्ट्राच्या घराघरात हुमरण्याचं देऊळ उघडलं.

“आज हो संग्राम भोईटे फलटणसून तुझ्या दाराशी इलो हा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्या आवशीचो गुडघो दुखता हा. तिका उठवन चालती कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“हे काय चाललंय?” मंदार सर कानात ओरडत होते. “सुयश! त्याला फासायला सांग! ऐकू येतंय का तुला?”

सुयशला ऐकू येत होतं. त्याच्या कानात तेच होतं जे माझ्या कानात. तो माईक धरून तसाच उभा होता.

“ही छत्रीची गाडी घेवन इलेली पोरां हत. घरदार सोडून उन्हात बसली हत. तेंचा पोट ह्याच धंद्यार असा. तेंका बरी बातमी गावानदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

आम्ही त्यांच्या घराची झोप उडवली होती, सुनेला रडवलं होतं, आणि ते आमच्या पोटापाण्याची काळजी देवाच्या कानावर घालत होते. त्यात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधला, शपथेवर सांगतो, सापडला नाही.

“जे लांब बसान बघतत, तेंचो राग थंड कर. तेंच्या घराक सुखशांती दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“स्टुडिओ घ्या,” मंदार सर म्हणाले. “बास झालं. परब, स्टुडिओ.”

मी टक् आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

तात्यांनी थोडा श्वास घेतला. त्यांचा आवाज आता खाली आला होता, पण अंगणात पान हललं असतं तरी ऐकू आलं असतं.

“आनि आमची डॉक्टरीण. परक्या गावची चेडू, हंय येवन आमच्या पोरांक जन्म दिल्यान. आज तिची पाळी इली हा. तिच्या वाटेर काटो नको, खडो नको.”

“व्हय म्हाराजा.” गावात बायकांचा आवाज आता पुरुषांपेक्षा मोठा होता. प्रतिभाचे डोळे मिटलेले होते.

“परब! स्टुडिओ म्हणतोय मी!”

“तिका,” तात्या म्हणाले, “सगळ्यांक, ह्या अंगणात इलेल्यांक आनि नाय इलेल्यांक, बऱ्या वाटेक लाय रे म्हाराजा.”

पूर्ण वाक्य. ‘बऱ्या’ सकट. वर उपग्रहाला गेलं, खाली मुंबईला आलं आणि घरोघरी पोचलं, कोणी न कापता.

“व्हय म्हाराजा,” अंगण म्हणालं. संग्राम भोईट्यांचे हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते. सुयशने माईक काखेत धरला होता.

आणि तेव्हाच ते झालं, ज्यासाठी मी ही सगळी हकिकत सांगतोय. माझ्या कानातल्या हेडफोनमधून, कंट्रोल रूमच्या त्या आरडाओरड्याच्या मधून, एक आवाज आला. मी तो आधी कधी ऐकलेला नव्हता. हलका, घोगरा, सवयीने आलेला.

“व्हय म्हाराजा.”

मग दुसरा, जरा लांबून. मग एक बाईचा. मुंबईच्या त्या थंडगार बंद खोलीत, जिथे खिडकीसुद्धा नव्हती, तिथे तीन-चार माणसं हुमरण्याच्या देवाला उत्तर देत होती. मंदार सर गप्प झाले होते. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला, आवाज निसटू नये म्हणून. सकाळी तात्यांनी विचारलेला प्रश्न मला तेव्हा समजला. छत्री सगळ्यांना सांगते, पण ‘व्हय’ कोण म्हणता?

मी देव मानत नाही. पण त्या संध्याकाळी त्या गाडीत मी एकटा बसलो होतो आणि मला रडू येत होतं, आणि का येत होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मंदार सरांचा आवाज परत आला तेव्हा वेगळाच होता. “थांबा,” ते म्हणाले. “ठेवा हे. ठेवा. मागे बासरी टाका.” माणूस आपल्या धंद्यात पक्का होता. दुसऱ्या दिवशी दिवसभर ‘कोकणच्या तात्यांनी जिंकली मनं’ चाललं. ज्या तोंडांनी शाप म्हटलं होतं, तीच तोंडं संस्कार म्हणत होती. माफी कोणी मागितली नाही. गोळ्यांच्या कंपनीने प्रायोजकपद वाढवून घेतलं. लोकांनी त्या आठवड्यात आमची वाहिनी जेवढी बघितली तेवढी त्या वर्षात कधी बघितली नव्हती, असं मंदार सर नंतर मीटिंगमध्ये सांगत होते.

आम्ही गाडी आवरली तेव्हा तात्या पायऱ्यांवर बसून नारळाचे तुकडे वाटत होते. काळ्या रंगाची बाटली तिथेच पडली होती. भोईटे ती विसरून गेले होते. प्रतिभाने ती उचलून नीट झाकण लावलं आणि म्हणाली, “बालवाडीच्या फळ्याक होयत.” मी निरोप घ्यायला गेलो. तात्यांनी विचारलं, “पोचला मा?”

“पोचलं,” मी म्हटलं. “आणि ‘व्हय’पण म्हणाले.”

ते हसले. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टर केंद्रे सुखरूप बाळंत झाल्या. मुलगी झाली. ही बातमी आमच्या वाहिनीवर आली नाही, मला प्रतिभाने फोन करून सांगितली.

मुंबईला परतल्यावर मी कँटीनमध्ये परबला गाठलं. सावंतवाडीकडचा, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. किरकोळ अंगाचा, चष्मेवाला, माझ्याच वयाचा माणूस. चहा घेऊन त्याच्यासमोर बसलो.

“तुला बोलावलं होतं म्हणे मंदार सरांनी. तीनदा सांगून बटण का दाबलं नाहीस म्हणून.”

“हां.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, बटण अडकलं होतं.”

“आणि खरंच अडकलं होतं?”

परबने चहाचा कप खाली ठेवला. आपल्या दोन्ही तळव्यांकडे जरा वेळ पाहिलं.

“नाही रे,” तो म्हणाला. “हात जोडलेले होते.”